डाव्या हाताचा टाका

"उजवा हात मांडीखाली घे," मावशी म्हणाली.

मुलीने हात मांडीखाली घेतला.

"नीट बस त्याच्यावर. लबाड आहे तो. मी डोळे मिटले की हळूच बाहेर येतो आणि सुई धरतो. काल पकडलाय मी त्याला."

पलंगाच्या कडेला एक घट्ट उशी ठेवली होती. तिच्यावर कापडाची पट्टी चारी बाजूंनी टाचण्या लावून ताणून बसवली होती, म्हणजे कापड धरायला दुसरा हात लागूच नये. मुलीने डाव्या हाताने सुई टोचली. ती भलतीकडेच निघाली आणि अंगठ्याच्या बाजूला लागली. तिने अंगठा तोंडात घातला.

"मावशी, हा हात माझा नाहीच असं वाटतं."

"माझा समज. तोच तर हवाय. आणि समोर नको बसूस, शेजारी ये. समोर बसलीस की आरशातल्यासारखं उलटं शिकशील."

मुलगी उठून शेजारी बसली. मावशी उशीला टेकून होती. दोन महिन्यांपूर्वी ती दिवसभर ताठ बसून शिवायची. आता गळ्याखालचं हाड वर आलं होतं आणि बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.

मावशीचं काम हातशिलाईचं. शिंप्यांच्या दुकानांतून मशीनवर शिवलेले कोट आणि झगे तिच्याकडे यायचे. अस्तर टाचणं, घेर दुमडून तुरपणं, काजं करणं ही हाताची कामं ती घरी करून द्यायची. ती डावखुरी होती. उजव्या हाताने तुरपणाऱ्या बाईचे टाके एका अंगाला झुकतात, हिचे दुसऱ्या अंगाला झुकायचे. तिच्या लेकीला, ठकीला, ते लहानपणापासून ठाऊक. ठकी शिंप्याच्या दुकानात गठ्ठा पोचवायला जायची तेव्हा डोळे मिटून दहा घेरांवरून बोट फिरवायची आणि आईचे कुठले ते बरोबर सांगायची. शिंप्याकडून तिने पैजेत कितीतरी गोळ्या जिंकल्या होत्या.

ती ठकी आता हजारो कोसांवर होती. या मुलीच्या घरात, या मुलीच्या पलंगावर, या मुलीच्या आईच्या हातचं जेवत होती.

एक संस्था होती. दरवर्षी ती दोन देशांतल्या दोन शाळांमधून एकेक मुलगी निवडायची आणि वर्षभरासाठी त्यांची अदलाबदल करायची. हिने तिच्या घरी राहायचं, तिने हिच्या. वर्ष पुरं केलं की पुढची दोन वर्षं त्याच देशात शिकायची सोय संस्थाच करायची. नियम एकच कडक होता. जोडीतली एक मधेच परतली, तर दुसरीलाही परतावं लागे आणि दोघींचं वर्ष बुडे.

मुलगी आली त्या दिवशी काका तिची पेटी उचलून जिना चढले होते. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होते. धापा टाकत म्हणाले, "आमच्याकडे कायमचा माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी बदली कामगार येतो. तर तू आमची बदली."

"पहिल्याच दिवशी पोरीला कामगार करून टाकलंत!" मावशी आतून म्हणाली.

"अगं, बदली कामगार कायमच्यापेक्षा जास्त राबतो. त्याच्या पोटात भीती असते ना."

तेव्हापासून ती बदली झाली. शेजारपाजारही बदलीच म्हणू लागले.

पहिले दोन महिने वाईट गेले. शाळेत ठकीचं बाक, घरात ठकीचं टेबल, ठकीची उशी. कपाटाचा वरचा कप्पा ठकीचा होता आणि तो बंदच असायचा. शेजारीण म्हणायची, "ठकी अशी लाजत नाही हो, ठकी सरळ आत येते." बदली न्हाणीघरात जायची, नळ सोडायची आणि नळाच्या आवाजात रडून घ्यायची. चार दिवसांनी काका जेवताना सहज म्हणाले, "हल्ली नळ फार वेळ चालतो. पाण्याच्या माणसाच्या घरी पाणी लपत नाही."  जेवण झाल्यावर मावशीने बदलीला समोर बसवलं आणि तिचे केस विंचरायला घेतले. अर्धा तास विंचरत होती. त्यानंतर नळ वेळेवर बंद व्हायला लागला. काकांना बदली 'अहो काका' म्हणायची. मावशीला मात्र ती कधी 'अगं' म्हणायला लागली ते दोघींनाही कळलं नाही.

चौथ्या महिन्यात मावशीच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकांना आत बोलावलं तेव्हा मावशीही मागोमाग आत गेली आणि म्हणाली, "माझंच पोट आहे, मलाच सांगा." डॉक्टरांनी सांगितलं. आजार पोटात पसरला होता. कापून उपयोग नव्हता. महिने मोजायचे, वर्षं नाहीत.

त्याच संध्याकाळी मावशीने बदलीला जवळ बोलावलं.

"ठकीला कळवायचं नाही."

"मावशी..."

"ऐक. कळलं की ती दुसऱ्या दिवशी निघेल. मग तिचं वर्ष गेलं आणि पुढची दोन वर्षंही गेली. ती इथे येऊन काय करणार? माझ्या उशाशी बसून सुई ओवायला शिकेल. मी चौथीतून शाळा सोडली आणि सुई धरली, ती अजून सुटली नाही. तिने आपल्या हिमतीवर परीक्षा दिली, पहिली आली. आणि तुझंही वर्ष जाईल. माझ्यापायी दोन पोरींची वर्षं बुडवू का मी? शब्द दे. तोंडातून नाही, पत्रातून नाही. तुझ्या आईलाही नाही."

बदलीने शब्द दिला. सोळा वर्षांची पोर, मरणाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार?

पण एक कोट अर्धा राहिला होता. ठकी होती तिकडे थंडी हाडात शिरायची. मावशीने शिंप्याकडून जाड लोकरी कापड बेतून मशीनवर शिवून घेतलं होतं. बाह्या, गळा, काजं सगळं झालं होतं. घेराचं अस्तर तुरपत ती पाठीच्या मधल्या शिवणीपर्यंत आली आणि तिथे हातच चालेना. बोटं बधिर व्हायची, सुई गळून पडायची. कोट तर पाठवायचा होता. प्रत्येक पत्रात ठकी विचारत होती, 'कोट कधी?' दुसऱ्या कुणाच्या हातचा अर्धा घेर पाठवला, तर ठकी बोट फिरवताच विचारणार, आईने अर्ध्यावर का सोडलं?

म्हणून ही उशी, या टाचण्या आणि मांडीखालचा उजवा हात.

*

महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, दोन्ही घरांचं फोनवर बोलणं व्हायचं. फोन खाली औषधाच्या दुकानात होता. जिना बावीस पायऱ्यांचा. मागच्या महिन्यात मावशी कठड्याला धरून उतरली होती. या वेळी काकांनी तिला खुर्चीत बसवलं, एका बाजूने स्वतः धरलं, दुसऱ्या बाजूने औषधवाल्याने. बदली पाण्याची बाटली घेऊन पुढे पुढे उतरत होती.

"वरात निघाली माझी," मावशी म्हणाली. "फक्त घोडं हाशहुश करतंय."

"घोड्याचं वय झालंय," काका म्हणाले.

दुकानात तिने चार घोट कोमट पाणी घेतलं. घसा खाकरला, दोनदा 'हॅलो' म्हणून आवाज तपासला. तिसऱ्या वेळी आवाज जमला. फोन वाजला.

"हं, बोल गं बये! ... मी? मला काय धाड भरलीय! ... आवाज? सर्दी झालीय जरा. तुझ्या बापाने पंखा लावून ठेवला रात्रभर... जेवतेस ना? ... अगं, कोट होतोय, कोट होतोय. शिंप्याने कापडच उशिरा दिलं, त्याच्या नावाने खडे फोड..."

चार मिनिटं ती बोलली. एकदाही धाप लागू दिली नाही. वाक्य संपलं की फोनचं तोंड हाताने झाकायची, श्वास घ्यायची, पुन्हा हसून बोलायची. औषधवाला पाठ फिरवून कपाटातल्या बाटल्या उगाचच पुसत होता. बोलून झाल्यावर तिने फोन बदलीकडे दिला आणि भिंतीला डोकं टेकलं. तिच्या ओठांवर रंग नव्हता.

पलीकडे आता बदलीची आई होती.

"खूश आहेस ना गं?"

"हो."

"तुझी आठवण येते. पण ही पोर गोड आहे हं. फक्त झोपेत आईला हाक मारते. मी जाऊन थोपटते, तर डोळे न उघडता म्हणते, 'तू नाही, माझी आई.' मला वाईट वाटतं, पण काय करणार? तुझी मावशी बरी आहे ना? तिचा आवाज जरा..."

बदलीने मावशीकडे पाहिलं. मावशीचे डोळे मिटलेले होते, पण डाव्या हाताचं एक बोट वर होतं. नाही.

"सर्दी आहे," बदली म्हणाली.

खुर्ची वर चढवताना बाराव्या पायरीवर काकांना पुढची पायरी चढवेना. त्यांनी खुर्ची टेकवली आणि ते तिथेच बसले. मावशी त्यांच्या टकलावर हात ठेवून बसून राहिली.  पुढच्या महिन्यात ही खुर्ची खाली उतरणार नाही, हे तिघांनाही कळलं होतं. औषधवाला धरला, तर चौघांना.

*

संस्थेच्या बाई तीन महिन्यांनी एकदा पाहणीला यायच्या. त्या येणार म्हणून मावशीने सकाळीच साडी बदलली, गालांना रंग चोळला आणि मांडीवर एक झगा घेऊन खिडकीपाशी बसली. सुई बोटात नुसती धरलेली होती.

"वजन कमी केलंत की हो," बाई म्हणाल्या.

"ही खायला देत नाही," मावशी बदलीकडे बोट दाखवून म्हणाली. "सगळं स्वतःच फस्त करते."

बाई हसल्या. मग बदलीला बाहेरच्या खोलीत घेऊन गेल्या आणि वही उघडून त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. जेवण? झोप? अभ्यास? "काही तक्रार आहे? काही सांगायचंय? मोकळेपणाने बोल, हे इथेच राहील."

बदलीच्या घशापर्यंत आलं. फक्त सहा शब्द होते. 'मावशी मरतेय. ठकीला परत बोलवा, लवकर.' समोर वही उघडी होती, पेन तयार होतं. आतून मावशी काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणायचं बळ तिच्यात नव्हतं, तरी गुणगुणत होती.

"काही नाही," बदली म्हणाली. "मी खूप मजेत आहे."

बाई गेल्यावर ती न्हाणीघरात गेली. नळ सोडला नाही. नुसती बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात मावशीला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना तिथल्या नर्सबाईंनी काकांना दाराशी थांबवलं. "जवळचं कुणी असेल तर बोलावून घ्या. महिना काढतील असं वाटत नाही."

बदली तिथेच औषधांची पिशवी घेऊन उभी होती. बाहेर पायऱ्यांवर ती काकांना म्हणाली, "अहो काका, आता तरी कळवू या."

काका पायरीवर बसले. पंपाच्या ग्रीसचे काळे डाग त्यांच्या नखांतून कधीच निघत नसत. त्या नखांकडे बघत ते म्हणाले, "बावीस वर्षं झाली लग्नाला. साडी माग म्हटलं, मागितली नाही. दागिना तर नाहीच. एकदा म्हटलं, कुठे फिरायला जाऊ, तर म्हणाली, गठ्ठा पोचवायचाय. आयुष्यात माझ्याकडे तिने एकच गोष्ट मागितली, आणि ती ही. मी कुठल्या तोंडाने मोडू?"

"आणि ठकीने विचारलं तर? मला का नाही सांगितलं म्हणून?"

"विचारेल." काकांनी मान हलवली. "आमच्याकडे विहिरीतलं पाणी आटलं तरी पंप चालूच राहतो. आवाज तोच येतो. लोकांना वाटतं, चाललंय. आतून जळत असतो."

मग ते उठले. चार वाजता झडप उघडायची होती. अर्ध्या गावाला पाणी सोडायचं होतं.

*

कोट पुरा करायचा दिवस शनिवार होता. पोस्ट पाचला बंद व्हायचं. पार्सल पोचायला बारा दिवस लागायचे. दुपारी एक वाजता बदली पलंगाशेजारी खाली बसली आणि तिने कोट मांडीवर घेतला. आता उशी नव्हती, टाचण्या नव्हत्या. उजव्या हाताने कापड धरायचं, डाव्या हाताने तुरपायचं. सहा आठवड्यांत डावा हात बऱ्यापैकी वळला होता.

पाठीच्या शिवणीपासून तिने सुरुवात केली. शिवणीच्या एका बाजूला मावशीचे शेवटचे टाके होते. मुंगीच्या पावलांएवढे, सगळे एका अंगाला झुकलेले. दुसऱ्या बाजूला तिने आपला पहिला टाका घातला. मग दुसरा. वीतभर झालं. तिने बोट फिरवून पाहिलं. मावशीसारखे नव्हते, पण झुकाव तोच होता. शिंप्याने घाईत बघितलं असतं तर फसला असता.

मावशी झोपेत कण्हली. औषध दिलं की ती अशीच पडायची. तोंड अर्धवट उघडं, डावा हात चादरीवर. त्या हाताची बोटं हलत होती. टाका घालत होती.

'तू नाही, माझी आई.'

बदलीने सुईकडे पाहिलं. वर्षभरासाठी ती आली होती, त्यातले पाच महिने अजून उरले होते. हा घेर असाच डाव्या हाताने पुरा केला, तर वर्ष पुरं होईल. पुढची दोन वर्षंही मिळतील. ठकी कोट घालून शाळेत जाईल, आईने शिवला म्हणून मैत्रिणींना दाखवेल. आणि मग एका रविवारी औषधवाल्याच्या दुकानातून काकाच तेवढे बोलतील.

शब्द दिला होता. तोंडातून नाही, पत्रातून नाही.

तिने सुई उजव्या हातात घेतली.

 पहिला टाका वाकडा गेला. दुसरा नीट गेला. आणि मग तो हात, सहा आठवडे दाबून ठेवलेला, असा पळत सुटला की घेर कसा संपला ते तिला कळलंही नाही. वीतभर टाके एका अंगाला झुकलेले आणि तिथून थेट टोकापर्यंत दुसऱ्या अंगाला. तिने दोरा दातांनी तोडला.

"झाला?" मावशीचे डोळे उघडे होते.

"झाला."

"दे बघू."

तिने कोट उचलला. उचलता उचलता घेर गोल फिरवला, पाठीच्या शिवणीच्या पलीकडची बाजू वर आणली आणि मावशीच्या हाताखाली ठेवली. मावशीने डाव्या हाताचं बोट टाक्यांवरून नेलं. हळूहळू, एका टोकापासून शिवणीपर्यंत. तिथे थांबली.

"जमलं तुला," ती म्हणाली. "अगदी माझ्यासारखं."

बदलीने मान खाली घातली. कागदात कोट गुंडाळताना दोऱ्याची गाठ तिला तीनदा मारावी लागली. पोस्टातल्या कारकुनाने शिक्का मारून पार्सल मागच्या ढिगावर फेकलं. 'परत द्या' असं म्हणायला अजून वेळ होता. ती तिथेच उभी राहिली. कारकून म्हणाला, "आणखी काही?" ती म्हणाली, "नाही."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी बदली मावशीला चमच्याने दूध पाजत होती. मावशीने तोंड फिरवलं.

"पार्सल किती दिवसांत पोचतं?"

"बारा."

"आज कितवा?"

"तिसरा."

मावशी छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझीच बाजू माझ्या बोटाखाली सरकवलीस. जन्मभर घेर शिवतेय गं. बोटं बधिर झालीत, मेली नाहीत अजून."

चमचा वाटीत पडला. बदलीला वाटलं, आता ही आपल्याला हाकलून देईल. किंवा काकांना सांगेल. किंवा रडेल. ती म्हणाली, "मग पोस्टात का जाऊ दिलंस?"

मावशीने मान तिच्याकडे वळवली. 

"उजव्या हाताचा टाका कसा आहे तुझा?"

"सरळ आहे."

"असू दे. चमचा उचल. दूध गार झालं."

त्या दिवसापासून ती खायला लागली. खाल्लेलं पोटात ठरायचं नाही, तरी खायची. औषध कडू म्हणून थुंकायची, ते आता गुमान घ्यायची. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आज कितवा?" पाचवा. सातवा. आठव्या दिवशी तिला बदलीही ओळखू येईना. नवव्या दिवशी सकाळी पुन्हा आली आणि म्हणाली, "आठवा?"

"नववा."

"एक माझ्याकडून निसटला वाटतं."

काका काहीच जाणत नव्हते. त्यांना वाटलं, औषध लागू पडतंय. एका सकाळी तर ते शीळ घालत कामावर गेले. बदलीला ते पाहवलं नाही.

तेराव्या दिवशी दुपारी औषधवाला जिना चढून वर आला. अनवाणी, चष्मा कपाळावर. काका नुकतेच पंपघरातून आले होते.

"ठकीचा फोन होता. तिने काही विचारलंच नाही हो. फक्त म्हणाली, 'आई आहे का, एवढंच सांगा.' मी म्हटलं, आहे. म्हणाली, 'तिला सांगा, मी निघाले.' आणि रडायला लागली. मग दुसऱ्या कुणी बाईंनी फोन घेतला. संस्थेलाही कळवलंय म्हणाल्या."

काकांनी बदलीकडे पाहिलं. बदली भिंतीला टेकून उभी होती.  मग भिंतीकडे वळून ते म्हणाले, "बरं झालं." पुन्हा म्हणाले, "बरं झालं."

*

ठकी दोन दिवसांनी पोचली. इथे उकाडा होता, तरी तिच्या अंगात तो जाड कोट होता. घामाने केस कपाळाला चिकटलेले. फोटोत दिसायची त्यापेक्षा ती उंच होती. तिने पेटी दारात टाकली आणि सरळ आत गेली.

मावशीचं बोलणं आदल्या दिवशीच थांबलं होतं. ठकीने तिचा डावा हात उचलला, कोटाचा घेर उलटा केला आणि बोटाखाली धरला. बराच वेळ काही झालं नाही. मग अंगठा हलला. टाक्यांवरून सरकत शिवणीपर्यंत आला, शिवण ओलांडून वीतभर गेला आणि जिथे टाके उलटे झुकले होते तिथे थांबला. तिथून तो हलला नाही. ठकीने त्या हातावर तोंड ठेवलं.

बदलीने दार ओढून घेतलं.

संध्याकाळी ठकी बाहेर आली. डोळे सुजले होते. ती बदलीसमोर उभी राहिली.

"इथपर्यंत आई," ती घेर धरून म्हणाली. "मग वीतभर कुणीतरी आईसारखं करायला बघतंय. तिथेच कळलं मला. आईला जमत असतं, तर तिने दुसऱ्याला शिकवलं नसतं."

बदलीने मान हलवली.

"दोन महिने मी त्या कोटासाठी पत्रांतून भांडत होते आईशी. आणि तू इथे रोज तिला बघत होतीस. रोज! आधी नाही सांगता आलं?"

 आपण शब्द दिला होता, हे बदलीला आता सांगण्यासारखंही वाटेना.

"मी उसवून देते तो भाग," ती म्हणाली.

"हात लावू नकोस," ठकी म्हणाली. आवाज फाटला होता. मग जरा वेळाने, खाली बघत, म्हणाली, "असू दे तो."

संस्थेच्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्या रागावल्या नाहीत, पण नियम तो नियम. बदलीची जायची व्यवस्था झाली होती, पहाटेच्या बसने.

"दोन-तीन दिवस थांबू का?" बदलीने विचारलं. "मावशीचं... होईपर्यंत?"

"घरात आता घरची मुलगी आहे ना, बाळा," बाई म्हणाल्या. त्यांनी ते मायेनेच म्हटलं.

बदलीने पेटी भरली. ठकीची उशी झटकून ठेवली, टेबल पुसलं. शेवटी मावशीपाशी गेली. ठकी उशाशी बसून झोपली होती, डोकं पलंगाच्या कडेला टेकलेलं. बदलीने मावशीच्या पायावर हात ठेवला. पाय गार होते. तिने चादर ओढून पाय झाकले आणि चादरीची कड नीट आत खोचली.

थांब्यापर्यंत काकांनी पेटी उचलली.  बस आल्यावर म्हणाले, "कायमचा माणूस हजर झाला की बदली कामगाराला..." आणि त्यांना पुढचं म्हणता येईना. त्यांनी पेटी वर चढवली. तिच्या डोक्यावर तो ग्रीसचा हात ठेवला. मग घड्याळाकडे पाहिलं. पंपघराची वेळ झाली होती.

बदली खिडकीपाशी बसली. काका वळून चालू लागले, कोपऱ्यापर्यंत गेले, दिसेनासे झाले. बस हलली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने आपला डबा उघडला आणि पावाचा एक तुकडा तिच्यापुढे केला.

"घे गं पोरी, घे. लांब जायचंय ना?"

बदलीने तो घ्यायला डावा हात पुढे केला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपला उजवा हात मांडीखालीच आहे.